खालून वाचलेला नकाशा

१

रविवारची जेवणं आटोपली की त्या घरात एक ठरलेला क्रम होता. रुपा ताटं उचलायची, अमर सतरंजी झटकून बैठकीत अंथरायचा आणि खुशबू स्वयंपाकघरातली मोठी पितळी परात दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायची. फासे परातीतच टाकायचे. नाहीतर ते कपाटाखाली जातात आणि मग चांगली मोठी माणसं पालथी पडून टॉर्च मारत बसतात. हा नियम योगेंद्रनं घातला होता. योगेंद्र म्हणजे शेवंताबाईंचा थोरला मुलगा, रुपाचा नवरा, खुशबूचा बाप. भंडाऱ्यात एका इंजिनियरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचा. पोळ्याच्या आदल्या मंगळवारी तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. वय एक्केचाळीस. ना आजार, ना तक्रार.

खेळ तो पुण्याच्या हॉस्टेलात शिकला होता; घरात मांडला तो वडील गेल्यावर. इंग्रजी पुस्तकातला, घरच्यांसाठी त्यानं तो मराठीत करून घेतला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. सांगणारा म्हणतो, तुम्ही तळ्याच्या काठावर उभे आहात, पाण्यात किल्ला दिसतोय, डोंगा एकच आहे, काय करता? मग जो तो आपल्या सोंगाप्रमाणे बोलतो, आणि गोष्ट जमेल की फसेल असा प्रश्न आला की बोराएवढा, वीस तोंडांचा फासा टाकतो. ज्याच्या त्याच्या सोंगाचा एकेक कागद: नाव, ताकद, भीती, जवळच्या वस्तू. खुशबूचं सोंग भिंती चढणारी चोरटी, नाव चिमणी. रुपाचं वैदीण. धाकटा भाऊ अमर जवळच्या शहापूरहून मोटरसायकलनं यायचा. त्याचं सोंग पोटोबा पहिलवान, जो प्रत्येक खोलीत शिरला की आधी खायला काय आहे ते विचारायचा.

शेवंताबाई सात वर्षं हे सगळं खाटेवर बसून, तोंड वाकडं करून पाहत आल्या.

"शिकल्यासवरल्या माणसायनं सोंगं घेऊन बोंबलाचं, अन् पुंडलिकरावानं शेजारून भिंतीले कान लावून ऐकाचं! शोभते का?"

"आई, ये नं. तुही जागा ठेवून आहे," योगेंद्र दर रविवारी म्हणायचा.

"माह्या जागेवर तुह्या बापाचा फोटो ठेव."

तो हसायचा आणि जागा तशीच मोकळी ठेवायचा. सात वर्षांत त्या एकदाही बसल्या नाहीत.

बाप गेला त्या दिवसापासून खुशबू रडली नव्हती. बारा वर्षांची पोर. विचारलं तर हो किंवा नाही, ताटात दोन घास, बाकी वेळ भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, काही करून तिला बोलतं करा, रडू द्या, हे असं साचू देऊ नका. सगळे उपाय झाले. दिवाळीसुद्धा मुकी गेली. आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिनं आपणहून परात आणली, सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "खेळ मांडा."

तीन महिन्यांतलं तिचं ते सगळ्यांत मोठं वाक्य होतं.

२

सांगायला आधी अमर बसला. भावानं पुढच्या खेळासाठी लिहून ठेवलेली वही मांडीवर घेतली, पहिली ओळ वाचली, "तुम्ही तळ्याच्या..." आणि तिथंच वही खाली ठेवली. गडी बाहेर जाऊन मोटरसायकलचं सीट पुसत बसला. रुपानं वहीला हातच लावला नाही. खुशबूनं थोडा वेळ वाट पाहिली आणि परात उचलली.

"ठेव वं ते खाली," शेवंताबाई खाटेवरून म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी सांगते."

"आई, तुम्ही?" रुपा म्हणाली.

"काहून? मले वाचता येत नाई का बोलता येत नाई?"

शाळा त्यांची चौथीपर्यंतच. पुढचं सगळं त्या स्वतः शिकल्या: किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, नवऱ्याच्या कोर्टाच्या नोटिसा वाचून, मुलांची पुस्तकं मुलांच्या आधी वाचून. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. वहीसुद्धा त्यांनी तशीच घेतली. आठवडाभर दुपारी चष्मा लावून बसल्या. किल्ल्याच्या एकेका खोलीत काय आहे ते योगेंद्रनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, खोल्यांना आकडे दिले होते, आणि वहीच्या मध्ये घडी करून ठेवला होता तो किल्ल्याचा नकाशा.

नकाशा निळ्या चौकटींच्या कागदावर होता. शेवंताबाईंनी तो कागद ओळखला. त्यांचे यजमान, चंद्रभानजी, कोशाच्या रेशमी लुगड्याच्या काठाची नक्षी त्यावर काढायचे. अशा कागदावरून त्यांनी आणि यजमानांनी मिळून तीस वर्षं माग चालवला होता. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. आणि असा कागद विणकर खालून वाचतो, कारण कापड खालून वर वाढतं. पहिला धागा पडतो तो खालच्या ओळीचा.

म्हणून शेवंताबाईंनी किल्ल्याचा नकाशा खालून वाचला. कागद चौकटीचा, घर विणकराचं, त्यात विचारायचं काय?

नकाशाच्या मागं अजून एक कागद चिकटला होता. सोंगाचा. योगेंद्रच्या अक्षरात. 'नाव: शेवंता. वय पंचवीस. विणकर. ताकद भरपूर. तुटलेलं जोडू शकते. भीती: शून्य.' खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ती येईल तेव्हा.'

त्यांनी तो कागद चोळीत ठेवला आणि कुणाला सांगितला नाही.

३

पहिला रविवार चांगला गेला. शेवंताबाईंच्या तोंडाला आयुष्यात कधी कमी पडलं नव्हतं; किल्ल्यात शिरल्यावर तर त्यांना चेवच आला. खालच्या ओळीपासून सुरू करायचं म्हणून त्यांनी सगळ्यांना डोंग्यातून नेऊन किल्ल्याच्या मागच्या बाजूला उतरवलं. शेवाळलेल्या पायऱ्या, त्यावर एक लाकडी दार, दारापुढं अरुंद बोळ.

"बोळात खायला काय आहे?" पोटोबा पहिलवानानं विचारलं.

"तुह्या बापाचं तेरवीचं जेवण उरलं आहे, खा," शेवंताबाई म्हणाल्या.

सात वर्षांपूर्वीचं ते जेवण. अमर हसला. रुपा तोंडाला पदर लावून हसली. आणि खुशबू म्हणाली, "चिमणी वर चढते. भिंतीवरून पुढं जाते. आवाज न करता."

आवाज तिचाच, पण जाड, बेरका, सोंगातला. शेवंताबाईंच्या अंगावर शहारा आला, आनंदाचा. "टाका फासे," त्या म्हणाल्या. "तिघंही टाका. पाय घसरतो का पाहू."

तिघांनी फासे टाकले. पितळेवर फासा पडला की टणटणत फिरतो आणि शेवटी एक बारीक टक् करून बसतो. टक्. टक्. टक्. तिन्ही बसले. रुपा आकडा वाचायला वाकली.

टक्.

चौथा.

शेवंताबाईंनी परातीत पाहिलं. तीन फासे. सांगणाऱ्याचा चौथा फासा त्यांनी टाकलाच नव्हता, तो वहीवर पडून होता. बाकीच्यांनी काही ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून सोडून दिलं होतं. पितळ आहे, तापतं, थंड होतं, वाजतं. खिडकीतून ऊन येतच होतं परातीवर. त्यांनी मनाशी तसं ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी खुशबूनं ताटातली भाकर पूर्ण खाल्ली. अर्धी अजून मागितली. रुपा चुलीकडे तोंड करून उभी राहिली, कारण डोळे पुसायचे होते. अशा वेळी परातीचं कोण बोलतं!

४

दुसऱ्या रविवारी ते बोळाच्या टोकाला पोचले. तिथं दार होतं. नकाशावर ती खोली सगळ्यांत खालच्या ओळीत होती, पण वहीत तिच्या आकड्यापुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. पान कोरं. शेवंताबाई अडल्या नाहीत. मनानंच सांगू लागल्या. दार सागाचं. कडी आतून. आतून वास येतो खळीचा, भाताच्या पेजेत सूत भिजवलं की येतो तसा. फटीतून उजेड येतो, पण दिव्याचा नाही. दुपारचा, कौलातून पडलेला.

बोलता बोलता त्यांना कळलं की हे सगळं त्या रचत नव्हत्या. समोर होतं ते सांगत होत्या.

"चिमणी दार वाजवते," खुशबू म्हणाली आणि परातीच्या काठावर बोटानं तीनदा वाजवलं.

बैठकीच्या उजव्या अंगाला मागखोली होती. चंद्रभानजी गेल्यापासून तिला कुलूप. त्या दाराच्या आतून तीनदा वाजलं.

अमरचा हात फाशावरच राहिला. "पुंडलिकरावाकडे खिळे ठोकून राहिले काय?"

"उंदीर," रुपा म्हणाली.

"उंदीर मोजून वाजवते का वहिनी?"

खुशबू मात्र दचकली नव्हती. मान कलती करून दाराकडे पाहत होती. "आत कोण आहे?" तिनं विचारलं. ते सोंगातलं होतं की नाही, सांगता येत नव्हतं.

आता उत्तर शेवंताबाईंनी द्यायचं होतं. किल्ल्यातल्या परक्या माणसांचे आवाज सांगणाराच काढतो. त्यांनी म्हणायचं ठरवलं होतं, 'आत कोणी नाही, परत फिरा.' तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, "आज अर्धा नाई, पूर्ण घे. मले भूक नाई."

स्वतःचंच बोलणं त्यांना कळलं नाही. रुपालाही कळलं नाही. खुशबूच्या तोंडावर मात्र असं काही उजळलं की पाहवेना.

"काय वं ते?" रुपानं विचारलं.

"डब्यातला लाडू," खुशबू म्हणाली. "बाबा मले शाळेत सोडाले यायचे तेव्हा गेटपाशी डबा उघडायचे. अर्धा त्यायचा, अर्धा माहा. कोणाले सांगाचं नाई असं ठरलं होतं." मग दाराकडे वळून हळूच म्हणाली, "मी नाई सांगितलं कोणाले."

शेवंताबाईंनी वही मिटली. सगळ्यांना चहा करायला पाठवलं, कुंकवाच्या डबीखालची किल्ली काढली आणि मागखोली उघडली. माग होता तसा होता. त्याखालचा पाय सोडायचा खड्डा, खुंटीवर टांगलेल्या सुताच्या बाबिणी, अर्धवट राहिलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांवर बोटभर धूळ. कुठं पाऊल उमटलेलं नाही. उंदराची लेंडीसुद्धा नाही. त्यांनी बसायच्या फळीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

फळी कोमट होती. कोणी नुकतंच उठून जावं तशी.

५

खेळ थांबवायला हवा हे कळायला शहाणपण लागत नाही. पण पोरगी जेवत होती. बोलत होती. ज्या आईनं, ज्या आजीनं तीन महिने तिचं मिटलेलं तोंड पाहिलं, तिनं काय म्हणून थांबवावं? शेवंताबाईंनी सोमवार ढकलला, मंगळवार ढकलला. बुधवारी खुशबू शाळेत गेली नाही. गुरुवारीही नाही. मागखोलीच्या दाराला पाठ लावून बसायची आणि मधूनच मान हलवायची, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"आई, बंद करा हे," रुपा म्हणाली. ती सिहोऱ्याची, धान पिकवणाऱ्या घरातली, मोजकं बोलणारी. "पोरगी इथं बसते पण इथं नसते. हात लावून पाहा. गार आहे."

"थंडी आहे."

"दुपारी?"

शेवंताबाई उठून खुशबूसमोर गेल्या. पोर दोन हातांच्या अंतरावर बसलेली, डोळे उघडे, ओठ मिटलेले.

"खुशबू," त्यांनी हाक मारली.

उत्तर यायला वेळ लागला. "हव आजी?"

आवाज तिचाच होता. ओठ हलले नव्हते. आवाज आला होता तिच्या पाठीमागून, कुलूप लावलेल्या दारातून.

रुपानं ऐकलं का, हे शेवंताबाईंनी विचारलं नाही. तिच्या हातातली वाटी खाली पडली होती, तेवढं पुरे होतं. पोरीला दोघींनी उचलून उन्हात ओसरीवर आणलं, तळपाय चोळले. दहा मिनिटांनी ती आपल्या तोंडानं म्हणाली, "पुढच्या रविवारी चिमणी तिथंच राहणार आहे. बाबायपाशी. मी सांगून ठेवलं त्यायले."

त्या दुपारी शेवंताबाईंनी वही पुन्हा घेतली आणि पहिल्यांदा मागच्या कव्हरापासून चाळली. कव्हराच्या आतल्या बाजूला, जिथं कोणी पाहत नाही, योगेंद्रनं लिहिलं होतं:

'नकाशा वरून खाली. घाई करायची नाही, रविवारी एक खोली. खुशबू कॉलेजात जाईल तोवर पुरेल. सगळ्यांत खालची खोली शेवटी. तिथं सांगणारा स्वतः भेटतो. त्याच्याजवळ एकालाच बसता येतं, आणि जो बसला त्याचा कागद तिथंच ठेवायचा, तो परत येत नाही. (ती जागा आईसाठी. ती म्हातारी होईल, थकेल, तेव्हा मीच तिथं सांगत असेन. तिला एकटं वाटणार नाही.)'

त्यांनी ते तीनदा वाचलं. लेकानं आईच्या मरणाची सोय करून ठेवली होती, इतकी मायेनं, इतकी सावकाश, आणि स्वतः आधी जाऊन तिथं बसला होता. आणि आईनं काय केलं? आपल्याला सगळं येतं या तोऱ्यात कागद खालून वाचला आणि पाच-सहा वर्षांची वाट दोन रविवारांत संपवून नातीला त्या दारात नेऊन उभं केलं.

"जाळून टाकू," रुपा म्हणाली. वही, नकाशा, सगळं.

"जाळून काय होते?" शेवंताबाई म्हणाल्या. "पोट्टी आत आहे. दार जाळलं तर ते बाहीर कुठून येईन?"

६

तिसऱ्या रविवारी जेवणं कोणालाच गेली नाहीत. अमरनं सतरंजी अंथरली. ऊन खिडकीतून आलं, परातीवर पडलं. खुशबू आपला कागद मांडीवर घेऊन बसली होती, पाहुणी म्हणून निघालेल्या पोरीसारखी वेणी घालून. शेवंताबाई आल्या आणि खाटेवर बसल्या नाहीत. सतरंजीवर, जी जागा सात वर्षं मोकळी होती, तिथं गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. चोळीतून घडीचा कागद काढला आणि समोर ठेवला.

"आज मी सांगत नाई. आज मी खेळते."

"मंग सांगन कोण?" अमर म्हणाला.

पुंडलिकरावांकडचा टीव्ही चालू होता तो मध्येच थांबला, किंवा ऐकू येईनासा झाला. मग बंद दाराआड मागाची पावडी पायानं दाबल्याचा आवाज आला. लाकडाचा, ओला. पाठोपाठ आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं गेला. खट्. धागा ठोकणारी फणी आपटली. पुन्हा पावडी. शेवंताबाईंनी त्या आवाजात तीस वर्षं स्वयंपाक केला होता. तो खोटा असता तर त्यांना कळलं असतं.

खुशबू बोलू लागली. डोळे दाराकडे, आवाज सपाट, जणू कोणी सांगत होतं आणि ती पोचवत होती. "तुम्ही शेवटच्या खोलीत आहात. कौलातून ऊन पडलं आहे. समोर माग आहे. मागावर मी बसलो आहे. माझ्या बाजूला एक जागा आहे." जरा थांबली. "काय करता?"

रुपानं खुशबूचा दंड घट्ट धरला. पोर तिच्याकडे पाहतही नव्हती. "चिमणी पुढं..." तिनं सुरू केलं.

"चिमणी थांबन!" शेवंताबाई कडाडल्या. "मोठ्या माणसाच्या आधी कोणाच्या घरात शिरत नाईत. शेवंता पुढे जाते."

दाराआडची फणी थांबली.

"योगू," त्या म्हणाल्या. हे नाव त्यांनी तो शाळेत जायला लागल्यावर सोडून दिलं होतं. "तू सात वर्स म्हणत होता, आई ये, अन् मी नाई आली. मले वाटे हे लेकरायचं आहे. मले काय माहीत, तू बाप गेल्यावर रडला नाई, तर हे मांडून बसला. मी खाटेवरून पाहून राहिली अन् मले दिसलं नाई. चुकली मी. कागदही उलटा वाचला. माही अक्कल." नाक ओढलं. "पण हे पोरगी तुह्यापाशी बसाची नाई आहे. तिची जागा वर आहे, पहिल्या खोलीत. तुवाच लिहून ठेवलं."

मग खुशबूच्या तोंडून, "बाबा म्हणतात, फासा टाक. वीस पडले तर ये."

अमरनं फासा उचलून पुढं केला. शेवंताबाईंनी फाशाकडे पाहिलं आणि त्याचा हात बाजूला सारला.

"मायनं लेकाजवळ बसाले फासा कायले?"

त्यांनी आपला कागद उचलला, गुडघे धरत उठल्या, आणि मागखोलीच्या दाराखालून तो आत सरकवला. अर्धा गेला आणि अडला. मग आतून कोणीतरी तो हळूच ओढून घेतला.

दार चार बोटं उघडलं. कुलूप तसंच लटकत होतं. कसं, ते त्यांनी पुढं कधी कोणाला समजावलं नाही. फटीतून त्यांना दिसलं ते एवढंच: चौकडीच्या शर्टाची पाठ, उजवा खांदा जरा खाली, ऑफिसात वाकून वाकून झालेला. आणि त्या पाठीशेजारी, फळीवर नुकतीच टेकलेली एक तरणी बाई. अंबाड्यात शेवंतीचं फूल. तुटलेला धागा दातात धरून ती जोडत होती. बाई कोण, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. आपली पाठ आपण कुठं पाहिलेली असते!

"आजी!"

ही हाक समोरच्या पोरीच्या तोंडातून आली. ओठ हलले, गळा हलला, आणि मग जे काही तीन महिने साचलं होतं ते फुटलं. खुशबू रुपाच्या मांडीत डोकं खुपसून रडली, ओरडून रडली, बापाला हाका मारून रडली. परात उलटी झाली, फासे कपाटाखाली गेले, आणि शोधायला कोणी पालथं पडलं नाही. शेवंताबाईंनी दाराकडे पाहिलं तेव्हा ते बंद होतं. कुलूप लागलेलं होतं.

७

सोमवारी खुशबू शाळेत गेली. त्याच आठवड्यात करुणा नावाच्या मैत्रिणीशी भांडली, गणितात नापास झाली, आईशी फ्रॉकवरून हुज्जत घातली. रोज थोडं रडायची आणि रडून झालं की जेवायची. रुपा म्हणायची, हे बरं आहे.

रविवारी तिनं परात मागितली नाही. "मी करुणाकडे जाते सायकलनं. पाचले येते," म्हणाली आणि गेलीसुद्धा. अमर शहापुरातच राहिला. नकाशा शेवंताबाईंनी रुपाच्या कपाटात ठेवला; म्हणाल्या, पोरगी मागन तेव्हा दे, वरून वाच म्हणावं.

दुपारी त्या मागखोलीच्या दाराशी सूप घेऊन बसल्या, लाखोळीची डाळ निवडत. अलीकडे त्यांना हाक मारली की उत्तर यायला जरा वेळ लागायचा. रुपा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आई, चहा ठेवू?" मग पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा दोरीवरून वाकून पाहिलं.

शेवंताबाईंची बोटं सुपात थांबली होती. मान दाराकडे कललेली. चेहऱ्यावर असं काही होतं, जे रुपानं सून म्हणून आल्यापासून तिथं पाहिलं नव्हतं. पोरवयाचं.

"हव, हव, ऐकून राहिली," त्या दाराला म्हणाल्या. "तीन दारं. डाव्या हाताचं उघडं, अन् आत अंधार." थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग सुपातला खडा उचलून बाजूला टाकला आणि पदर खोचला.

"असू दे अंधार. या खेपेले मी पुढे. तू मांगून ये."